निर्यातीचे कुलूप

रणगाडे, क्षेपणास्त्रे आणि गुप्तलेखन ही तिन्ही १९९६ अखेरपर्यंत अमेरिकेच्या एकाच यादीत होती, युद्धसामग्रीच्या. त्यामुळे नेटस्केप कंपनीने इंटरनेटवरील व्यवहारांच्या रक्षणासाठी एसएसएल हा प्रोटोकॉल आणला तेव्हा ब्राउझरच्या दोन आवृत्त्या निघाल्या. अमेरिका-कॅनडासाठी १२८ बिटांच्या किल्लीची आणि आपल्यासकट उरलेल्या जगासाठी ४० बिटांची. खरे तर या दुसरीतही किल्ली १२८ बिटांचीच असे, फक्त तिचे ८८ बिट उघड पाठवले जात. म्हणजे दाराला कुलूप लावायचे आणि किल्लीचे बहुतेक दाते दारावरच कोरून ठेवायचे!

४० बिटांच्या शक्यता सुमारे १.१ लाख कोटी. ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतील दामियां दोलिझे यांनी शंभराहून अधिक संगणकांचा रिकामा वेळ वापरून आठ दिवसांत नेमकी किल्ली शोधून काढली. जानेवारी २००० मध्ये निर्बंध सैल झाले. बहुतेक इतिहास इथे थांबतात. पण कायदा गेला तरी त्याने घडवलेला कोड जागच्या जागीच राहिला.

एसएसएलच्या संभाषणात आरंभी ब्राउझर स्वतःला चालणाऱ्या पद्धतींची यादी पाठवतो आणि सर्व्हर त्यातली एक निवडतो. जुन्या ग्राहकांची अडचण नको म्हणून अनेक सर्व्हरांवर निर्यातीची दुबळी पद्धत तशीच ठेवलेली होती. मार्च २०१५ मध्ये ‘फ्रीक’ हा हल्ला जाहीर झाला. वाटेत बसलेला चोर यादी बदलून दुबळी पद्धत मागतो, सर्व्हर ५१२ बिटांची आरएसए किल्ली देतो आणि न मागितलेली ती किल्ली ब्राउझर एका चुकीमुळे निमूट स्वीकारतो. ती फोडायला भाड्याचे संगणक, काही तास आणि सुमारे १०० डॉलर पुरत. त्यातून दर ग्राहकाला नवी किल्ली घडवणे खर्चिक, म्हणून पुष्कळ सर्व्हर बंद होईपर्यंत एकच किल्ली वापरीत. एकदा फोडली की तोवर चोराचे राज्य.

परक्यांसाठी पातळ केलेले कुलूप आता अमेरिकी माणसांच्याही फोनवर होते. शोधकर्त्यांत पुन्हा इन्रियाचे संशोधक होते आणि प्रात्यक्षिकासाठी त्यांनी घेतलेले संकेतस्थळ होते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे. निर्यातीची कुलपे किती कच्ची असावीत यात याच संस्थेचा शब्द चाले.

एसएसएलचा वारस असलेल्या टीएलएसच्या २०१८ मधील १.३ या आवृत्तीत पद्धतींची ती लांबलचक यादी छाटून पाचवर आणली गेली.