अजिंठ्याच्या भिंतीवरील एक विसरलेली राजधानी

१/ जळगावहून अजिंठ्याकडे निघाले की पहूर लागते आणि पुढे फर्दापूर. लेण्यांच्या दरीतून आलेली वाघूर नदी याच मुलखातून उत्तरेकडे तापीला मिळायला जाते. आपल्यापैकी अनेकांनी हा प्रवास केला असेल. पण अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी ज्यांच्या काळात घडली, त्या राजांची राजधानी कोठे होती? #धागा

२/ उत्तर शोधायचे तर १६ क्रमांकाच्या लेण्यापाशी थांबावे. नदीकडील पायऱ्यांशी दोन दगडी हत्ती आहेत. वर ओसरीबाहेर डाव्या भिंतीवर एक झिजलेला संस्कृत लेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने हे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले, असे तो सांगतो.

३/ लेखात आधी राजांची वंशावळ येते, मग मंत्रिघराण्याची. वराहदेवाचा पिता हस्तिभोज हा हरिषेणाचा पिता देवसेन याच्या सेवेत होता. राजधानीचे नाव मात्र लेखात नाही. शिवाय अक्षरे झिजल्याने एका राजाचे नाव एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी चुकीचे वाचले. त्यामुळे या घराण्याची स्वतंत्र शाखा होती, हे कोणाच्या ध्यानीच आले नाही.

४/ १९३९ मध्ये वाशीम येथे ताम्रपट सापडला. दुसऱ्या विंध्यशक्तीने अथर्ववेदी ब्राह्मणांना दिलेल्या गावाचे ते दानपत्र. ते ‘वत्सगुल्म’ येथून दिले होते. वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम! दात्याच्या पित्याचे नाव होते सर्वसेन.

५/ या आधारावर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला. चुकीचे वाचले गेलेले ते नाव सर्वसेनच होते. ब्राह्मणांच्या दानपत्राने बौद्ध लेण्यातील वंशावळ उलगडली आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासात परत आली.

६/ वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील शिलालेखाने कालगणनेलाही आधार दिला. देवसेनाच्या काळात बांधलेल्या ‘सुदर्शन’ तलावाचा तो लेख शके ३८० चा, म्हणजे इ. स. ४५७-५८ चा आहे. हरिषेण त्यानंतरचा.

७/ हे नगर केवळ सत्तेचे नव्हते. सर्वसेन स्वतः ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला, तोही वत्सगुल्म नगरातच.

८/ आज वाशीमला गेलात, तर पद्मतीर्थ आणि बालाजी मंदिर दिसेल. वाकाटकांचा राजवाडा दिसणार नाही. अजिंठ्यापासून सरळ रेषेतही हे नगर दीडशे किलोमीटरांहून दूर आहे. तरी त्याच्या राजांची नावे या दरीतील भिंतीवर टिकली. पुढच्या वेळी पहूरवरून अजिंठ्याला जाल, तेव्हा १६ व्या लेण्यातील चित्रांकडे वळण्याआधी डावीकडची ती भिंत क्षणभर पाहा. हात लावू नका. तेथील अक्षरे आधीच फार झिजली आहेत.