सूत्राला प्रकरण हवं

दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात अकोल्यातल्या एका छापखान्यातून फोन आला. तिथे कॉलेज सांभाळून काम करणारा एक पोरगा बोलत होता. एका एडिटरसाठी मी लिहिलेलं एक्स्टेन्शन वापरून त्याने एका स्मरणिकेची जुनी फाइल युनिकोडमध्ये आणली होती. मराठी लेख चोख आले होते, पण मागच्या चोवीस पानांच्या जाहिरातींत जिथे जिथे इंग्रजी होतं, तिथे दुकानांची नावं, पत्ते, ई-मेल सगळ्याची खिचडी झाली होती. "दादा, मदत वाचूनच केलं मी," तो म्हणाला. त्याने खरंच वाचली होती. मदतीत मी एकच ओळ लिहिली होती : निवडलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलतो.

ओळीत चुकीचं काही नव्हतं. पण काहीच निवडलं नसेल तर ही आज्ञा अख्खी फाइल घेते, हे फक्त मला ठाऊक होतं. आपल्याकडच्या जुन्या फॉन्टांत देवनागरीची अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. त्यामुळे फाइलमध्ये साठलेलं अमुक चिन्ह इंग्रजी आहे की मराठी, हे प्रोग्रामला नुसतं बघून कळत नाही. डोळ्यांना दिसतं तेही फॉन्ट लावल्यावरच. शिवाय जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफाराचं नेमकं उलटं. एवढा सगळा हिशेब मी कोडमध्ये मांडला होता आणि माणसासाठी चार शब्दांची ओळ ठेवली होती.

हे एक्स्टेन्शन ईमॅक्स नावाच्या एडिटरसाठी आहे. ईमॅक्स १९७६ मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत जन्मला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये त्याची जीएनयू आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली. स्वतःची माहिती स्वतः सांगणारा एडिटर, असंच त्याचं वर्णन पहिल्यापासून केलं गेलं. कंट्रोल-एच आणि मग एफ दाबून कुठल्याही आज्ञेचं नाव द्या, तिची माहिती समोर येते. ती माहिती त्या आज्ञेच्या कोडातच, नावाखाली अवतरणात लिहिलेली असते. तिला डॉकस्ट्रिंग म्हणतात. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये आणलेल्या विम एडिटरची रीत थोडी वेगळी आहे. तिथे प्लगइनसोबत मदतीची वेगळी फाइल ठेवतात आणि तिच्यात शोधायच्या खुणा पेरतात. दोन्हीकडे कटाक्ष एकच : अडलेल्या माणसाला उत्तरासाठी दुसरीकडे जावं लागू नये.

त्या पोराच्या फोननंतर डॉकस्ट्रिंगा नव्याने लिहायला बसलो, पण लिहायचं काय ते उमगेना. मध्येच अमरावतीला आत्याकडे गेलो. आत्या महानुभाव पंथातली. दारात "दंडवत प्रणाम" म्हटल्याशिवाय तिच्याकडे बोलणं सुरू होत नाही. फडक्यात बांधलेली पोथी तिच्या हाताशीच असते. मी सहज उघडून एक सूत्र मोठ्याने वाचलं आणि अर्थ विचारला. तिने अर्थ सांगितलाच नाही. "नुसतं सूत्र वाचून काय होते बाप्पा? थे कोनाले सांगतलं, कोठी सांगतलं, काऊन सांगतलं, थे पह्यले इचार."

मला हवं होतं ते तिने तीन प्रश्नांत सांगून टाकलं होतं. हे तिच्या एकटीचं शहाणपण नव्हतं. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात सातशे वर्षांपूर्वी ही शिस्त घडली. आत्याकडच्या त्या भेटीनंतर मी तिथे दोन-तीनदा जाऊन आलो. गाव लहान आहे, आणि मराठी गद्याचं मोठं काम याच गावात झालं.

गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ, महानुभाव पंथ स्थापणाऱ्या चक्रधर स्वामींचे गुरू, रिद्धपूरचे. चक्रधर निघून गेल्यावर त्यांचे शिष्य रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या भोवती जमले. नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, त्यांचे पुढारी. महदाइसेचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, तीही याच परिसरातली. आणि इथेच, वाजेश्वरीच्या स्थानी, १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. त्याचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग. प्रत्येक लीळेत गाव असतं, माणसं असतात, कुणीतरी काही विचारतं, आणि मग स्वामी बोलतात. बोलणं सुटं कधी येत नाही.

पुढे केशोबासांनी या लीळांतून चक्रधरांची वचनं वेचून सूत्रपाठ तयार केला. माझ्या दृष्टीने पंथाच्या इतिहासातला सगळ्यात धोक्याचा क्षण हाच. वचनं वेचली म्हणजे गाव, माणसं, प्रश्न मागे राहिले. काही सूत्रं तर दोन-तीन शब्दांची आहेत. पाठांतराला सोपी आणि गैरसमजालाही तेवढीच सोपी. हा धोका त्या लोकांनी ओळखला होता. म्हणून प्रकरणवश नावाचा ग्रंथ झाला. कुठलं सूत्र कुठल्या प्रसंगी, कुणाला उद्देशून निघालं, एवढंच तो सांगतो. मग विचारस्थळ, आचारस्थळ अशी भाष्यं आली. भीष्माचार्यांचं पंचवार्तिक आलं, ज्याला मराठीतला व्याकरणाचा पहिला ग्रंथ मानतात. सूत्रं नीट समजावीत या गरजेपोटीच भाषेकडे इतकं बारकाईने पाहिलं गेलं. मुनी व्यासांनी स्थानपोथीत चक्रधर आणि गोविंदप्रभू जिथे जिथे राहिले, बसले ती स्थानं नोंदवली : देऊळ कुठल्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कुठल्या अंगाला कुठलं स्थान.

केशोबासांचाच दृष्टान्तपाठ मला यात सर्वांत जास्त शिकवून गेला. त्यात ११४ दृष्टान्त आहेत आणि मांडणी तीन पायऱ्यांची. आधी सूत्र. मग चक्रधरांनी दिलेला दृष्टान्त. मग दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्तातलं काय सूत्रातल्या कशाला लागू होतं त्याचा खुलासा. हा भाग केशोबासांचा. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट यात आहे. कुणाच्या हाताला पाय लागतो, त्याला हत्ती खांबासारखा वाटतो. कुणाच्या हाताला कान, त्याला सुपासारखा. गोष्ट सांगून ते थांबत नाहीत. तो हत्ती म्हणजे काय आणि चाचपणारे कोण, हे दार्ष्टान्तिकात उलगडून ठेवतात. मी आजवर वाचलेल्या बहुतेक मदतमजकुरांत पहिली पायरी असते, क्वचित दुसरी. तिसरी जवळजवळ नसतेच. उदाहरण दिलेलं असतं, पण त्यातलं काय आपल्या कामाला लागू आणि काय नाही, हे वाचणाऱ्यावर सोडलेलं.

केशोबास संस्कृताचे पंडित होते. त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. भटोबासांनी त्यांना अडवलं. संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं स्मृतिस्थळ या ग्रंथात नोंदलेलं आहे. ग्रंथ कुणासाठी, हे आचार्यांनी एका वाक्यात ठरवलं आणि केशोबासांसारख्या विद्वानाने ते मानलं. माझ्या आत्यापर्यंत ती पोथी पोचली ती या निर्णयामुळे.

आणखी एक गोष्ट. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खालशाच्या धाडीत, म्हणजे परचक्रात, पोथ्या गेल्या, अशी पंथात परंपरा आहे. मग ज्यांना जे पाठ होतं त्यावरून लीळाचरित्र पुन्हा उभं केलं. हिराइसेला आठवत होतं तो हिराइसा पाठ. आठवणी जुळल्या नाहीत तिथे त्यांनी एक ठेवून दुसरी पुसली नाही. अमक्याची वासना अशी, तमक्याची अशी, असं नोंदवून ठेवलं. वासना म्हणजे इथे ज्याच्या-त्याच्या आठवणीतलं रूप. आम्ही प्रोग्राममध्ये कोडचे बदल नावानिशी जपतो, पण मदतीची जुनी ओळ मात्र खोडून मोकळे होतो. मीही तेच करत आलो होतो.

याच पंथाने दुसरंही एक केलं, आणि ते सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. चौदाव्या शतकात रवळोव्यासांनी सकळ लिपी बसवली. तिच्यात एका अक्षरासाठी दुसरं चिन्ह येतं. पुढे सुंदरी वगैरे आणखी लिप्या झाल्या. ग्रंथ जपायचे होते, परक्यांच्या हाती पडू द्यायचे नव्हते. त्यांच्या काळात त्यांना ते गरजेचं वाटलं असेल. पण किल्ली पंथाच्या आत आणि पोथी सांकेतिक, त्यामुळे आत इतकं खोल समजावून सांगणारं साहित्य बाहेरच्या मराठी माणसाला शतकानुशतकं बंद राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा जाहीर केला. मग यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, आमच्या वऱ्हाडातच जन्मलेले वि. भि. कोलते यांनी हे साहित्य उजेडात आणलं. ॲन फेल्डहाउस यांनी सूत्रपाठाचा इंग्रजी अनुवाद १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. मराठीचं आद्य गद्य आपल्या हाती येऊन जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं झाली आहेत.

छापखान्यातल्या जुन्या फायली बघताना मला सकळ लिपी आठवते. तीही अक्षराजागी अक्षर, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. फॉन्ट असलेला संगणक मोडीत गेला की फाइल मुकी होते.

अमरावतीहून परत आल्यावर त्या एका डॉकस्ट्रिंगेवर चार संध्याकाळी घालवल्या. पहिल्या ओळीत आज्ञा काय करते ते पूर्ण वाक्यात लिहिलं. ईमॅक्सचा तसा दंडकच आहे. मग प्रकरण : स्मरणिका, पत्रिका, नोटीस अशी मराठी-इंग्रजी मिसळलेली फाइल असेल तर आधी फक्त मराठी भाग निवडा, काहीच निवडलं नाही तर अख्खी फाइल बदलेल. मग दृष्टान्त : जाहिरातीची दोन ओळींची नमुना फाइल, बदलण्याआधीची आणि नंतरची. मग दार्ष्टान्तिक : या नमुन्यात ई-मेल का बिघडला, आणि तुमच्या फाइलमध्ये असं कुठे होऊ शकतं. शेवटी, चुकलात तर मागे कसं यायचं. खालच्या बाजूला त्या पोराची तक्रार त्याच्याच शब्दांत, नाव न देता ठेवली.

हे सगळं मराठीत लिहिताना एक अडचण आली. इंग्रजी डॉकस्ट्रिंगेत आज्ञेला पुरवायच्या गोष्टींची नावं मोठ्या लिपीत लिहायची पद्धत आहे. वाचणाऱ्याला त्या लगेच ओळखू येतात. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी नाही. मी ती नावं चौकोनी कंसांत घालतो. चेकडॉक नावाची तपासणी चालवली की ती इथे अडते आणि इशारा देते. तो इशारा मी आता तसाच राहू देतो. तपासणी इंग्रजीच्या सवयीवर बांधली आहे. मी लिहितो आहे अकोल्याच्या पोरासाठी.

एक्स्टेन्शनमध्ये ३१ आज्ञा आहेत. त्यातल्या १९ अशा रीतीने लिहून झाल्या. बाकीच्या १२ मध्ये अजून जुनी एकेक ओळच आहे.

तुमच्या घरी, शाळेत, मंडळात किंवा छापखान्यात जुन्या फॉन्टातल्या फायली असतील, तर आजच एक काम करा. ज्या फोल्डरमध्ये त्या आहेत तिथेच एक साधी मजकुराची फाइल ठेवा. फॉन्टचं नाव काय, मजकूर कोणत्या सालचा, कुणासाठी बसवला होता, आणि उघडताना तुम्ही स्वतः कुठे अडलात, हे चार ओळींत त्यात मराठीत लिहा.