तपासणीने आयुष्य वाढते का?

सातारा-सांगलीकडच्या शाळांना आरोग्य शिबिरे नवीन नाहीत. रविवारी वर्गातील बाके भिंतीला सरकवायची, टेबलावर रक्तदाब मोजायचे यंत्र आणि साखर तपासायच्या पट्ट्या मांडायच्या, आणि वहीत नावे लिहायची ती बहुधा शिक्षकांनीच. कऱ्हाडजवळच्या अशा एका शिबिरात आम्ही दिवसभर नोंदी करीत बसलो होतो. रांगेत सर्वांत आधी आले ते निवृत्त नोकरदार आणि पतसंस्थेचे संचालक, म्हणजे ज्यांचा डॉक्टर ठरलेला आहे आणि रक्तदाबाची गोळी ज्यांच्या खिशातच आहे असे लोक. संध्याकाळी वही मिटताना मनात आले, आजच्या खटाटोपाने कोणाचे मरण लांबले असेल का?

प्रश्न आगाऊ वाटेल. पण लंडनच्या आग्नेय भागात 1967 मध्ये तो रीतसर विचारला गेला होता. दोन मोठ्या दवाखान्यांच्या यादीतील 40 ते 64 वयाच्या सुमारे 7 हजार लोकांचे दोन गट पाडले. एका गटाला दोन वर्षांच्या अंतराने दोनदा संपूर्ण तपासणीसाठी बोलावले. दुसऱ्याने नेहमीप्रमाणे, गरज पडेल तेव्हा डॉक्टरकडे जायचे. नऊ वर्षांनी पाहिले तर आजारपण, इस्पितळात दाखल होणे, कामावरचे खाडे, मृत्यू, कशातच म्हणण्याजोगा फरक नव्हता! पुढे 2019 मध्ये अशा 15 प्रयोगांतील अडीच लाखांवर लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. मृत्यूचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच निघाले.

असे का व्हावे? आमच्या मते एक कारण साधे आहे. चांगला फॅमिली डॉक्टर खोकल्यासाठी आलेल्याचाही रक्तदाब पाहतो. सापडायचे ते बरेचसे तेथेच सापडते. दुसरे कारण आमच्या रांगेतच उभे होते.

मग तपासणी व्यर्थच म्हणायची का? याचे उत्तर फार लांबचे नाही. हंगाम सुरू झाला की याच दोन जिल्ह्यांतील साखर कारखान्यांवर बीड, धाराशिवकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, 1999 च्या अखेरीस गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा प्रयोग सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात होते. गावांचे 52 समूह केले. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया त्यांत आल्या. तीन गटांत प्रत्येकी एकच तपासणी, तीही एकदाच: कोठे एचपीव्ही विषाणूची, कोठे पेशींची, कोठे पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी. चौथा गट तुलनेसाठी.

आठ वर्षांत तुलनेच्या गटातील 31,488 स्त्रियांपैकी 64 जणी या कर्करोगाने गेल्या. विषाणू-तपासणीच्या गटात 34,126 पैकी 34. म्हणजे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यू कमी झाले असे खात्रीने म्हणता आले नाही. (अ‍ॅसिटिक आम्लाची पद्धत मात्र टाकाऊ नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित स्त्रियांनी ती दर दोन वर्षांनी वापरली, तेथे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.) तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो वाद आम्हाला रास्त वाटतो. त्या 64 जणी आकडा नव्हत्या.

येथे तपासणीला यश आले, कारण हा कर्करोग एकाएकी होत नाही. विषाणूच्या संसर्गापासून गाठीपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे जातात, आणि मधल्या काळात बिघडलेला भाग छोट्या उपचाराने काढून टाकता येतो. उस्मानाबादेत दोष आढळलेल्या स्त्रियांसाठी पुढची तपासणी आणि उपचार यांची सोय आधीच केलेली होती.

आमच्या वहीतही तिशी ते साठीच्या कितीतरी स्त्रिया होत्या. त्यांचा रक्तदाब आणि साखर तेवढी नोंदलेली होती. शाळेमागच्या माळावरील कोप्यांतून मात्र कोणीच आले नव्हते. जानेवारी महिना होता. टोळ्या पहाटेच फडात गेल्या होत्या.