सातवीतलं टेक्सास

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये मुलं सातवीत आपल्या राज्याचा इतिहास शिकतात. आपल्याकडे चौथीत शिवाजी महाराज, तसा तिथे अलामोचा वेढा. ह्यूस्टन-डॅलसला आयटीच्या नोकरीसाठी गेलेल्या मराठी घरांतली पोरंही हेच शिकतात.

गोष्ट थरारक आहे. ६ मार्च १८३६ ला मेक्सिकोच्या सांता आनाने अलामो जिंकलं, आतले जवळजवळ सगळे लढवय्ये मारले गेले. दीड महिन्यात सॅम ह्यूस्टनने सॅन हसिंटोला त्याला हरवलं आणि टेक्सास स्वतंत्र देश झाला. १८४५ मध्ये तो अमेरिकेत सामील झाला आणि १८६१ मध्ये फुटून यादवी युद्धात उतरला.

एवढंच वाचलं तर प्रश्न पडतो: हे युद्ध अचानक आलं कुठून?

त्यासाठी मागे जावं लागतं. १८२९ मध्ये मेक्सिकोने गुलामगिरी बंद करण्याचा हुकूम काढला. टेक्सासला सूट मिळाली, पण गुलाम राबवून कापूस पिकवणाऱ्या अमेरिकी वसाहतवाल्यांना धास्ती बसली ती बसलीच. बंडाला सांता आनाची एकहाती सत्ता हेही मोठं कारण होतं. पण जिंकल्यावर काय केलं ते पाहा. १८३६ च्या राज्यघटनेनुसार संसदेला गुलाम मुक्त करण्याचा अधिकार नव्हता. संसदेच्या परवानगीशिवाय स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस तिथे कायमचा राहूही शकत नव्हता.

१८६० च्या जनगणनेत टेक्सासची लोकसंख्या होती ६,०४,२१५. त्यात गुलाम १,८२,५६६. म्हणजे दर दहा माणसांत तीन. २ फेब्रुवारी १८६१ च्या जाहीरनाम्यात फुटण्याची कारणं दिली आहेत, आणि गुलामगिरी कायम राहावी हे त्यात उघड लिहिलंय. तेव्हा गव्हर्नर होता तोच सॅम ह्यूस्टन. त्याच्याकडेही गुलाम होते, तरी त्याने फुटीला विरोध केला. नव्या सरकारची शपथ घेतली नाही म्हणून त्याला पदावरून काढलं.

आता शाळेकडे येऊ. २०१० मध्ये टेक्सासच्या शिक्षण मंडळाने ठरवलेल्या अभ्यासक्रमात यादवी युद्धाची कारणं या क्रमाने होती: प्रादेशिक भेद, राज्यांचे हक्क, गुलामगिरी. २०१८ मध्ये मंडळाने ते बदललं आणि गुलामगिरीच्या विस्ताराला मुख्य जागा दिली.

क्रमाने एवढा काय फरक पडतो? पडतो. ‘राज्यांचे हक्क’ आधी शिकलेलं मूल विचारत नाही की हक्क कशाचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे झेपणार नाही असंही नाही. घटनेतलं ते कलम आणि तो जाहीरनामा दोन्ही छोटे आहेत, ऑनलाइन फुकट मिळतात, फोनवर अर्ध्या तासात वाचून होतात. ते वर्गात वाचले तर अलामोचं शौर्य कमी होत नाही. फक्त त्या स्वातंत्र्यात कोणाला जागा नव्हती, हेही मुलांना कळतं.