डोळे असून न दिसलेलं



आपल्या घरात डोळ्यांना फार काम असतं. धान्य निवडायचं ते दिवसाउजेडी, पाणी गाळून घ्यायचं, जेवायचं ते सूर्यास्ताच्या आत. न दिसलेला एखादा जीव आपल्या हातून मरू नये, एवढ्यासाठी हे सगळं. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी निवडलेल्या तुरीच्या डाळीत मला दोनदा किडे सापडले, तेव्हा मी चिडले. "लक्ष कुठे असतं तुमचं?" असं बोलून गेले. त्या काहीच बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. परत येताना ऑटोत त्या हळूच म्हणाल्या, "मले डाळ दिसतच नव्हती, बाई. हातानं चाचपून निवडत होती."

त्या रात्री मला कॉलेजात वाचलेलं एक नाटक आठवलं. ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं, पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' या नावानं मराठीत आणलेलं. मूळ नाटक सुमारे २४०० वर्षांपूर्वीचं, अथेन्समधलं.

थीब्ज नगरात रोगराई पसरते. आधीच्या राजाचा खुनी नगरातच आहे, त्याला घालवा, असा देवाचा कौल येतो. खुन्याला शोधून काढीन, अशी राजा ओयदिपौस जाहीर प्रतिज्ञा करतो आणि तैरेसिआस या आंधळ्या भविष्यवेत्त्याला बोलावतो. त्याला सगळं माहीत असतं, पण तो गप्प राहतो. राजा संतापतो, त्याच्यावरच कटाचा आरोप करतो, त्याच्या आंधळेपणावरून टोचून बोलतो. तेव्हा तैरेसिआस त्याला सुनावतो की डोळे असूनही आपण कुठे आणि कुणासोबत राहतो, हे राजाला दिसत नाही. पुढे सत्य उघड होतं. वाटेत भांडणात मारलेला माणूस त्याचा बाप होता आणि ज्या राणीशी लग्न केलं ती त्याची आई. राणी जीव देते. ओयदिपौस तिच्या वस्त्राच्या टाचण्या काढून आपल्याच डोळ्यांत खुपसतो.

हा प्रसंग रंगमंचावर घडत नाही, एक सेवक येऊन तो सांगतो. कथा प्रेक्षकांच्या ओळखीची असायची. राजाला जे दिसत नाही, ते समोर बसलेल्यांना पहिल्यापासून दिसत असतं.

ग्रीक भाषेत 'मला माहीत आहे' याला 'ओइदा' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ 'मी पाहिलं आहे'. आपला संस्कृत 'विद्' धातू त्याच कुळातला. आपणही चूक कळली की 'डोळे उघडले' म्हणतो आणि मुद्दाम दुर्लक्ष केलं तर 'डोळेझाक'. सम्यग्दर्शन म्हणजे तत्त्वांवरची खरी श्रद्धा, पण तिथेही शब्द पाहण्याचाच आहे.

सोफोक्लीसनं म्हातारपणी ओयदिपौसवर आणखी एक नाटक लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ४०१ मध्ये रंगमंचावर आलं. त्यात आंधळ्या बापाला मुलगी अँटिगनी हात धरून गावोगाव नेते. शेवटी मात्र मरणाची जागा जवळ आली की तोच कुणाचाही हात न धरता पुढे चालतो आणि डोळस माणसं त्याच्या मागून जातात.

हे वाचताना मला आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले संत गुलाबराव महाराज आठवतात. जन्म १८८१ चा. अवघ्या काही महिन्यांचे असताना दृष्टी गेली. तरी १९१५ पर्यंतच्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. पण मला त्यांच्या प्रज्ञेइतकंच कौतुक वाटतं ते त्यांना ग्रंथ वाचून दाखवणाऱ्यांचं आणि त्यांचे शब्द उतरवून घेणाऱ्यांचं.

कारण नाटकातला आंधळा हे प्रतीक असतं, त्याला न दिसण्याच्या बदल्यात दिव्यज्ञान मिळतं. घरातल्या माणसाला तसं काही मिळत नाही. त्याला उजेड लागतो, औषध लागतं, कुणाचा तरी हात लागतो. सासूबाई गप्प होत्या त्या ज्ञानी म्हणून नाही. आता आपला उपयोग उरला नाही, असं कुणी म्हणेल याची त्यांना भीती होती. आणि मी राजासारखी, दिसत नसलेल्या माणसावरच ओरडत होते.

शस्त्रक्रिया झाली, आता त्यांना छान दिसतं. क्षमावाणीच्या दिवशी मी दरवर्षी सगळ्यांना 'उत्तम क्षमा'चा मेसेज पाठवते. यंदा आधी त्यांच्यासमोर बसले आणि डाळीचं नाव घेऊन क्षमा मागितली. त्या हसल्या, म्हणाल्या, "आन सूप इकडे."

मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या मोठ्यांच्या निवडलेल्या धान्यात खडा सापडला, तर बोलण्याआधी त्यांना एकदा विचारा, नीट दिसतं ना?