ठिणगीचा इतिहास : इंधन भरताना उद्भवणारी स्थितिक विद्युत आणि तिच्या प्रतिबंधाची वाटचाल

प्रस्तावना

पेट्रोल पंपावरील सूचनाफलकांत धूम्रपान करू नये, इंजिन बंद ठेवावे आणि मोबाइल फोन वापरू नये, या सूचना ठळकपणे आढळतात. वाहनातून उतरणाऱ्या माणसाच्या अंगावरील विद्युतप्रभाराचा उल्लेख मात्र क्वचितच असतो. प्रत्यक्षात इंधन भरताना मोबाइलमुळे आग लागल्याचा पुरावा मिळालेला नाही. स्थितिक विद्युतेमुळे लागलेल्या आगींची नोंद मात्र आहे. ज्ञान आणि सूचना यांतील ही तफावत कशी निर्माण झाली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

दरबारी करमणूक

घासलेले अंबर हलक्या वस्तू ओढून घेते, हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते. सतराव्या शतकात जर्मनीतील ओटो फोन गेरिके याने गंधकाचा फिरता गोळा हाताने घासून विद्युत निर्माण केली. इ.स. १७२९ मध्ये इंग्लंडमधील स्टीफन ग्रे याने विद्युत एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत वाहून नेता येते हे दाखवले. पुढील वर्षी त्याने एका मुलाला रेशमी दोऱ्यांनी टांगून प्रभारित केले. मनुष्यदेह हा विद्युतवाहक आहे आणि भूमीपासून अलग ठेवल्यास तो प्रभार साठवतो, हे त्यातून सिद्ध झाले.

इ.स. १७४४ मध्ये बर्लिनच्या अकादमीत लुडोल्फ याने विद्युत ठिणगीने ईथर पेटवून दाखवले. त्यानंतर प्रभारित माणसाने केवळ बोट पुढे करून कोमट मद्यार्क पेटवण्याचे प्रयोग युरोपातील उच्चभ्रू मंडळींत करमणूक म्हणून होऊ लागले. आजच्या पंपावरील अपघाताचे सर्व घटक, म्हणजे ज्वालाग्राही बाष्प, अलग पडलेला मनुष्यदेह आणि बोटाच्या टोकावरील ठिणगी, या खेळात एकत्र आले होते. धोका ओळखण्यासाठी लागणारे ज्ञान मोटारगाडीच्या जन्मापूर्वी सुमारे १४० वर्षे उपलब्ध होते.

तेलउद्योगाने घेतलेला धडा

पेट्रोलियम पदार्थ विद्युतेचे मंदवाहक आहेत. नळीतून, विशेषतः गाळणीतून, वेगाने वाहताना ते प्रभारित होतात आणि तो प्रभार लवकर निचरत नाही. क्लिंकेनबर्ग व व्हान डर मिन्ने यांनी १९५८ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. टँकर रिकामा करण्यापूर्वी अर्थिंगची तार जोडणे, सुरुवातीला प्रवाहाचा वेग कमी ठेवणे, इंधनात वाहकता वाढवणारी द्रव्ये मिसळणे इत्यादी उपाय याच काळात रूढ होत गेले.

तथापि खरा धक्का बसला तो डिसेंबर १९६९ मध्ये. ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ आणि ‘काँग हाकॉन सातवा’ या तीन महाकाय तेलवाहू जहाजांवर एकाच महिन्यात स्फोट झाले. त्यांपैकी ‘मार्पेसा’ बुडाले. रिकाम्या टाक्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुताना प्रभारित तुषार निर्माण होतात, हे त्यानंतरच्या संशोधनातून पुढे आले. टाक्यांत निष्क्रिय वायू भरण्याची पद्धत पुढे आंतरराष्ट्रीय नियमांनी मोठ्या तेलवाहू जहाजांवर बंधनकारक झाली. येथे उद्योगाने खलाशांना केवळ सावध राहण्यास सांगितले नाही. आग लागूच शकणार नाही अशी रचना केली. हा भेद महत्त्वाचा आहे.

स्वयंसेवा पंप आणि मनुष्यदेह

अमेरिकेत १९४७ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्वयंसेवा पंप सुरू झाला आणि १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर ही पद्धत बहुतेक ठिकाणी पसरली. प्रशिक्षित सेवकाच्या जागी सामान्य ग्राहक आला. नोझलची कळ अडकवून ठेवता येत असल्याने तो थंडीत पुन्हा गाडीत जाऊन बसे. आसनावरून सरकत बाहेर पडताना कपडे आणि आसन यांच्या घर्षणाने त्याचे शरीर प्रभारित होई, आणि नोझलला हात लावताच टाकीच्या तोंडाशी ठिणगी पडे.

तेथील पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने अशा दीडशेहून अधिक आगींची माहिती जमवली. त्यांपैकी सुमारे निम्म्या घटनांत ग्राहक इंधन भरणे चालू असताना गाडीत जाऊन परतला होता. मोबाइलमुळे लागलेली एकही आग या संस्थेला सिद्ध करता आली नाही.

यामागील गणित बोलके आहे. पेट्रोलचे बाष्प पेटण्यास अनुकूल मिश्रणात एक मिलीज्यूलच्या सुमारे पाव भाग ऊर्जा पुरते. मनुष्यदेहाची विद्युतधारिता १५० पिकोफॅरड मानल्यास ५,००० व्होल्टला सुमारे दोन मिलीज्यूल ऊर्जा साठते. साधारणपणे ३,००० व्होल्टपेक्षा कमी विभवाचा झटका माणसाला जाणवतही नाही. त्वचेच्या रोधामुळे काही ऊर्जा वाया जाते हे खरे. तरीही न जाणवणारी ठिणगीसुद्धा निरुपद्रवी मानता येत नाही.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. इंधन भरणे चालू असताना गाडीत परत बसू नये. बसल्यास नोझलला हात लावण्यापूर्वी टाकीच्या तोंडापासून दूर असलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करावा. डबा वाहनात ठेवून न भरता जमिनीवर ठेवून भरावा. आग लागल्यास नोझल ओढून काढू नये. पुरवठा बंद करावा. अमेरिकेत १९९८ पासून नव्या मोटारींत टप्प्याटप्प्याने बसवलेल्या बाष्पसंग्राहक यंत्रणेमुळे टाकीच्या तोंडाशी जमणारे बाष्पही कमी झाले.

भारतीय संदर्भ

भारतात १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे पेट्रोलियम नियम लागू आहेत. त्यांच्या अंमलबजावणीची जबाबदारी असलेल्या, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या विस्फोटक विभागाचे, म्हणजेच आजच्या ‘पेसो’चे, मुख्यालय नागपूर येथे आहे. आपल्याकडे इंधन बहुतांशी पंपावरील कर्मचारीच भरतो. त्यामुळे आसनावरून उतरून थेट नोझल धरण्याचा प्रसंग ग्राहकावर सहसा येत नाही. ही सुरक्षितता जाणिवेतून आलेली नसून श्रमव्यवस्थेतून आपोआप लाभलेली आहे. स्वयंसेवेचा स्वीकार करताना ती गमावली जाईल, याचे भान ठेवणे आवश्यक ठरते. प्लॅस्टिकच्या बाटलीत सुटे पेट्रोल घेण्याच्या सवयीला तर हे संरक्षणही लाभत नाही. आणि तेथे नोझल हाती धरून उभा असतो तो अल्प वेतनावरील कर्मचारीच.

समारोप

दिसणाऱ्या उपकरणावर संशय घेणे सोपे असते. स्वतःचे शरीर धोक्याचे कारण आहे हे मान्य करणे अवघड जाते. म्हणूनच मोबाइलची सूचना फलकावर आली आणि शरीराची राहून गेली. १७४४ मध्ये जे ज्ञान दिवाणखान्यात होते, ते पंपावर पोहोचण्यास अडीच शतके लागली. वैज्ञानिक शोध लागणे आणि तो लोकव्यवहारात उतरणे यांत एवढे अंतर पडू शकते, हीच या छोट्याशा ठिणगीच्या इतिहासाची शिकवण होय. हे अंतर कमी करण्याचे काम नियमांइतकेच अध्यापनाचेही आहे.