स्वतंत्र मराठी चित्रपटांची भांडवल उभारणी

स्वतंत्र मराठी चित्रपटांची भांडवल उभारणी म्हणजे मोठी निर्मितिसंस्था किंवा दूरचित्रवाणी समूह यांच्याशी आगाऊ करार न होता तयार होणाऱ्या मराठी चित्रपटांसाठी पैसा जमवण्याची प्रक्रिया होय. या पैशाचे स्रोत ढोबळमानाने चार आहेत: निर्माता-दिग्दर्शकाची स्वतःची मालमत्ता, स्नेही व खासगी गुंतवणूकदार, शासकीय अर्थसाहाय्य आणि चित्रपट महोत्सवांशी संलग्न निधी. यांपैकी शेवटचे दोन स्रोत अधिक चर्चिले जातात. मात्र चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी लागणारा पैसा बहुतेक वेळा पहिल्या दोनांतून येतो. शासनाचे अनुदान, पुरस्काराची रक्कम, उपग्रह प्रक्षेपणाचे हक्क आणि वितरकाचा करार या गोष्टी सहसा चित्रपट पूर्ण झाल्यानंतर हाती पडतात.

== पार्श्वभूमी ==

मालमत्ता तारण ठेवून चित्रपट काढण्याची प्रथा भारतीय कथापटाइतकीच जुनी आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ साली इंग्लंडला जाण्यासाठी आपल्या विमा पॉलिसीवर कर्ज काढले. तेथून कॅमेरा आणून त्यांनी प्रथम संपूर्ण कथापट न काढता अंकुराची वाढ हा छोटा चित्रपट तयार केला. बियाणे रुजून त्याचे रोप होईपर्यंतची अवस्था त्यात टप्प्याटप्प्याने टिपली होती. हा लघुपट यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या परिचितांना दाखवून त्यांनी पुढील कर्ज मिळवले. आज निर्मात्याला दाखवण्यासाठी नमुना-चित्रफीत तयार करतात, तिचाच हा आरंभीचा अवतार म्हणता येईल. पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही याच कामी आले. राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांना महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारताना गायिका तानीबाई कागलकर यांनी आर्थिक पाठबळ दिले. १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर या कलावंत-तंत्रज्ञांच्या जोडीला सीताराम कुलकर्णी हे भांडवलदार भागीदार होते. स्टुडिओ पद्धती मोडल्यावर मात्र प्रत्येक चित्रपटाचे भांडवल स्वतंत्रपणे उभे करणे भाग पडले, आणि 'स्वतंत्र चित्रपट' ही संज्ञा याच परिस्थितीतून अर्थपूर्ण झाली.

केंद्र शासनाने १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन केले. १९७५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात ते १९८० मध्ये विलीन झाले. मराठीत जब्बार पटेल यांचा एक होता विदूषक (१९९२) आणि अमोल पालेकर यांचा बनगरवाडी (१९९५) हे या महामंडळाच्या सहभागातून आलेले चित्रपट होत. सामना (१९७४) हा जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट मात्र कवी रामदास फुटाणे यांनी निर्माण केला होता. विजय तेंडुलकर यांची पटकथा असलेल्या या चित्रपटाची १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात निवड झाली.

== राज्य शासनाचे अर्थसाहाय्य ==

महाराष्ट्र शासनाने १९७५ साली मराठी चित्रपटांसाठी करमणूक कराच्या परताव्याची योजना आणली. चित्रपटगृहात जमा झालेला कर निर्मात्याला पुढील मराठी चित्रपटासाठी परत मिळू लागला. या योजनेने मराठी निर्मितीला मोठा आधार दिला. परंतु परतावा तिकीटविक्रीशी बांधलेला असल्याने ज्याचा चित्रपट चालला त्यालाच, आणि जेवढा चालला तेवढाच, लाभ होत असे. पदार्पण करणाऱ्या दिग्दर्शकाच्या हाती तिच्यातून काही येत नव्हते.

पुढे परताव्याची जागा थेट अनुदानाने घेतली. दर्जेदार मराठी चित्रपट निर्मिती अर्थसाहाय्य योजनेत तज्ज्ञांची परीक्षण समिती चित्रपट पाहून गुण देते. 'अ' दर्जाच्या चित्रपटाला ४० लाख रुपये आणि 'ब' दर्जाच्या चित्रपटाला ३० लाख रुपये असे अनुदानाचे स्वरूप राहिले आहे. योजनेची अंमलबजावणी गोरेगाव येथील दादासाहेब फाळके चित्रनगरीत कार्यालय असलेले महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ करते.

समितीपुढे तयार व सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट ठेवावा लागतो. अनुदान हे त्यामुळे झालेल्या खर्चाची अंशतः भरपाई असते. ते आरंभीचे भांडवल ठरत नाही. अनुदान मिळेल या भरवशावर कर्ज काढणाऱ्या निर्मात्याला समितीचा निर्णय लागेपर्यंत व्याज भरावे लागते, आणि दर्जा 'अ' ऐवजी 'ब' ठरल्यास १० लाखांचा फरक पडतो. छोट्या चित्रपटाच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ नाही.

बँकांचे कर्ज हा पर्याय कागदावर उपलब्ध आहे. केंद्र शासनाने १९९८ साली चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केली आणि त्यानंतर संस्थात्मक कर्जाचा मार्ग मोकळा झाला. परंतु बँक तारण मागते, आणि न काढलेला चित्रपट तारण म्हणून चालत नाही.

== ख्वाडा: जमीन विकून काढलेला चित्रपट ==

पुणे जिल्ह्याचे शिरूर व दौंड हे तालुके आणि घोड व भीमा नद्यांपलीकडील अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा श्रीगोंदा तालुका हा सलग कृषिपट्टा आहे. बागायती शेती, कोरडवाहू माळ आणि मेंढपाळांची भटकंती ही तिन्ही येथे शेजारी शेजारी आढळतात. शिरूरलगतच्या गव्हाणेवाडी (ता. श्रीगोंदा) येथील शेतकरी कुटुंबातील भाऊराव नानासाहेब कऱ्हाडे यांनी आपल्या पहिल्या चित्रपटासाठी, ख्वाडासाठी, वडिलोपार्जित शेतजमीन विकली.

कऱ्हाडे यांचे संज्ञापनाचे शिक्षण अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात झाले. नागराज मंजुळे हेही याच विभागाचे विद्यार्थी. त्यांच्या पिस्तुल्या या लघुपटाचा आरंभही तेथीलच. चित्रपटाचे शिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू लागल्याने मुंबईशी कोणताही व्यावसायिक संबंध नसलेले तरुण पटकथा घेऊन उभे राहिले. शिक्षण जवळ आले, तरी भांडवल मुंबईतच राहिले. अनोळखी दिग्दर्शक, नवखे नट आणि मेंढपाळाची कथा यांवर पैसा लावण्यास व्यावसायिक निर्माता सहजी तयार होत नाही.

चित्रपटाचा विषय आणि त्याच्या भांडवलाचा इतिहास यांत एक विलक्षण साम्य आहे. ख्वाडा म्हणजे अडथळा, खोडा. कथेतील रघू कऱ्हे (शशांक शेंडे) या धनगराची जमीन वनखात्याकडे गेली आहे. ती परत मिळवण्यासाठी त्याचा न्यायालयीन लढा चालू आहे आणि तोवर कुटुंब मेंढरांमागे गावोगाव फिरते. धाकट्या बाळूला (भाऊसाहेब शिंदे) मात्र एका जागी स्थिरावायचे आहे. जमीन नसल्याने माणसाचे काय होते हे दाखवणारा हा चित्रपट जमीन विकून निघाला.

शेतकरी कुटुंबात रोख रकमेत बदलता येण्याजोगी मोठी मालमत्ता बहुधा जमीन हीच असते. शहरी दिग्दर्शक सदनिका गहाण ठेवतो, तेव्हा हप्ते फेडून ती सोडवून घेण्याची शक्यता उरते. विकलेली जमीन वाढत्या भावामुळे पुन्हा घेता येईलच असे नाही. शिवाय वडिलोपार्जित जमीन एकट्याची नसते. तिच्या विक्रीला घरातील इतरांची संमती लागते, म्हणजे चित्रपटाची जोखीम संपूर्ण कुटुंब उचलते. या अर्थाने घरची माणसे हीच अशा चित्रपटाची पहिली गुंतवणूकदार ठरतात, मग श्रेयनामावलीत त्यांची नावे असोत वा नसोत.

६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ख्वाडासाठी कऱ्हाडे यांना परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार मिळाला आणि महावीर सब्बनवाल यांना प्रत्यक्ष स्थळावरील ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. दुसरा पुरस्कार भांडवलाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. माळरानावर मेंढरांच्या कळपात संवाद जागीच मुद्रित करणे वेळखाऊ व म्हणून खर्चिक असते; पैसा अपुरा असताना हा खर्च प्रथम छाटला जातो. येथे तो छाटला गेला नाही. चित्रपट २२ ऑक्टोबर २०१५ रोजी प्रदर्शित झाला. कऱ्हाडे यांनी त्यानंतर बबन (२०१८) आणि टीडीएम (२०२३) हे चित्रपट दिग्दर्शित केले.

== त्याच वर्षीचे अन्य दोन चित्रपट ==

६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ चैतन्य ताम्हाणे यांच्या कोर्ट या चित्रपटाला, तर सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार अविनाश अरुण यांच्या किल्लाला मिळाला. एकाच वर्षीच्या या तीन पदार्पणांमागे पैशाच्या तीन निरनिराळ्या वाटा होत्या.

कोर्टची निर्मिती ताम्हाणे यांचे मित्र व अभिनेते विवेक गोंबर यांनी केली. चित्रपटात बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिकाही त्यांचीच. पटकथेच्या टप्प्यावर रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाचे साहाय्य मिळाले. लिहिण्यासाठी, न्यायालये पाहण्यासाठी आणि अव्यावसायिक नट शोधण्यासाठी लागणारा दीर्घ काळ या दोन आधारांमुळे मिळाला. २०१४ च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाने ओरिझोंती विभागातील सर्वोच्च पुरस्कार आणि पदार्पणासाठीचा 'भविष्याचा सिंह' हे दोन्ही सन्मान मिळवले. किल्लामागे तुलनेने रूढ पद्धतीच्या निर्मितिसंस्था होत्या. बर्लिन महोत्सवाच्या बालचित्रपट विभागात त्याला क्रिस्टल बेअर मिळाल्यानंतर तो चित्रपटगृहांत आला.

तिघांची कलात्मक प्रतिष्ठा सारखीच असली, तरी जोखमीची वाटणी सारखी नव्हती. ख्वाडा तोट्यात गेला असता, तर एका शेतकरी घराची जमीन कायमची गेली असती.

अशी वैयक्तिक जोखीम ग्रामीण दिग्दर्शकांपुरती मर्यादित नाही. परेश मोकाशी यांनी फाळके यांच्यावरील हरिश्चंद्राची फॅक्टरी हा चित्रपट काढताना स्वतःचे घर गहाण ठेवले. विमा पॉलिसी तारण ठेवणाऱ्या नायकाच्या कथेसाठी जवळपास शंभर वर्षांनी दिग्दर्शकाला तेच करावे लागले. हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला आणि पूर्ण झाल्यानंतरच त्याला मोठ्या संस्थेचे वितरण लाभले. जुन्नर तालुक्यातील शेतकरी कुटुंब व त्याचा बैल यांची कथा सांगणाऱ्या मंगेश हाडवळे यांच्या टिंग्याला (२००८) दूरचित्रवाणी मालिकांचे दिग्दर्शक रवी राय यांच्या रूपाने निर्माता भेटला.

== लोकवर्गणी ==

श्याम बेनेगल यांच्या मंथन (१९७६) या हिंदी चित्रपटासाठी गुजरातमधील सुमारे पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. म्हणजे सुमारे दहा लाख रुपये सहकारी संघामार्फत जमा झाले. पटकथालेखकांत विजय तेंडुलकर होते. वर्गणी देणारे शेतकरी पुढे गाड्या करून चित्रपट पाहण्यास आले, त्यामुळे गुंतवणूकदार आणि प्रेक्षक एकच ठरले. साखर कारखाने आणि दूध संघांच्या महाराष्ट्रात ही वाट रुळली नाही, याचे आश्चर्य वाटावे. आंतरजालावरील लोकवर्गणीचा भारतातील ठळक दाखला कन्नडमधील पवन कुमार यांचा लुसिया (२०१३) हा होय.

मराठीत लोकवर्गणीचे सर्वपरिचित उदाहरण संदीप सावंत यांच्या श्वासचे आहे. मात्र तो पैसा निर्मितीसाठी नव्हता. ५१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाने सुवर्णकमळ मिळवले. श्यामची आईनंतर सुमारे पाच दशकांनी ते मराठीकडे आले. २००४ साली श्वासची भारतातर्फे ऑस्करसाठी निवड झाल्यावर अमेरिकेतील खेळ व प्रसिद्धी यांचा खर्च निर्मात्यांच्या आवाक्याबाहेरचा ठरला. तेव्हा राज्य शासन, नाट्यसंस्था, देवस्थान आणि शाळकरी विद्यार्थी यांनी निधी दिला. तयार व गौरवलेल्या चित्रपटासाठी समाज पुढे येतो, कोऱ्या पटकथेसाठी क्वचितच, हे यातून दिसते.

== महोत्सवांशी संलग्न निधी ==

गोव्यात २००७ पासून भरणाऱ्या फिल्म बझारमध्ये सहनिर्मितीचा बाजार आणि संकलनाच्या टप्प्यावरील चित्रपटांची कार्यशाळा असते. युरोपातील निधी बहुधा पटकथा-विकास किंवा चित्रीकरणोत्तर काम अशा विशिष्ट टप्प्यासाठी दिले जातात. संपूर्ण खर्च कोणीच देत नाही. रोहन कानवडे यांचा साबर बोंडं हा चित्रपट व्हेनिसच्या बिएनाले कॉलेजसारख्या उपक्रमांतून विकसित झाला आणि भारत, ब्रिटन व कॅनडा यांची सहनिर्मिती म्हणून पूर्ण झाला. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले.

या मार्गासाठी इंग्रजीत प्रस्ताव लिहिणे, परदेशी मार्गदर्शकांपुढे पटकथा मांडणे आणि काही वर्षे थांबणे आवश्यक असते. ज्याला दरम्यान उदरनिर्वाहाचे साधन नाही त्याला हा मार्ग कागदावरच खुला असतो.

== प्रदर्शनाचा खर्च ==

चित्रपट पूर्ण झाला तरी प्रसिद्धी, डिजिटल प्रती आणि चित्रपटगृहांचे शुल्क यांसाठी पुन्हा पैसा लागतो. या टप्प्यावर 'प्रस्तुतकर्ता' मिळवण्याची पद्धत मराठीत रूढ आहे. नामवंत व्यक्ती किंवा संस्था आपले नाव देते, काही वेळा पैसाही देते. बार्शीचे विनोद कांबळे यांचा कस्तुरी ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला. नागराज मंजुळे व अनुराग कश्यप प्रस्तुतकर्ते म्हणून जोडले गेल्यावर तो २०२३ मध्ये प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. पडदे व सोयीच्या वेळा न मिळणे ही या टप्प्यावरील जुनी तक्रार आहे. कऱ्हाडे यांच्या टीडीएमला २८ एप्रिल २०२३ रोजी प्रदर्शित झाल्यानंतर पुरेसे खेळ मिळाले नाहीत. निर्मात्यांनी प्रदर्शन थांबवले आणि जून महिन्यात चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आणला.